घरी कुणी नाही

थंडर बे. जानेवारीतला मंगळवार, उणे एकतीस.
व्हॅनच्या काचेवरचा बर्फ खरवडत
मी पत्ता दोनदा वाचला.
दार उघडलं तावनो लेहतिमाकींनी,
अंगात तीन स्वेटर, वरून बायकोचा फुलाफुलांचा गाऊन.
"बूट राहू दे," म्हणाले, "इथे आत-बाहेर एकच आहे."

बोळातल्या भिंतीवर ते गोल, चकचकीत, शहाणं यंत्र,
मुलीनं व्हँकुव्हरहून धाडलेलं.
काचेवर अकरा अंश, आणि कुलूप.
मागच्या हिवाळ्यात यांनी सत्तावीसवर नेऊन ठेवलं होतं,
बिल पाहून तिनं तिकडून, फोनवरूनच, कुलूप घातलं.

आधी तळघर. हेरिंगच्या रिकाम्या बरण्या, सायकलचं एक चाक.
फिल्टर स्वच्छ, गॅसचा कॉक उघडा,
झाकण नीट बसलेलं.
भट्टी मात्र ढिम्म.
वर येऊन यंत्र भिंतीवरून उतरवलं,
लाल तार पांढरीला टेकवली,
तर खाली भपकन ज्वाळा उठली
आणि सगळं घर एकदा खाकरलं.
म्हणजे भट्टी निर्दोष. तारा निर्दोष.
फक्त पेट म्हणून सांगणारं कुणी सांगत नव्हतं.

यंत्र परत बसवलं. पुन्हा सामसूम.
तेव्हा दिसलं कोपऱ्यातलं हिरवं पान,
नखाएवढं, आणि खाली बारीक अक्षरं:
घरी कुणी नाही.

याला डोळा असतो, मी सांगितलं.
समोरून कुणी गेलं-आलं, तरच याला माणसं कळतात.
"तुम्ही या बोळातून किती वेळा जाता?"
त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.
तिथे बाकावर उशी, घोंगडी, रेडिओ.
"केर्त्तु जायची. दिवसातून चाळीसदा.
चष्मा विसरायची ना."

ऑक्टोबरपर्यंत.

मुलीला फोन लावला. तिनं कुलूप काढलं,
आणि फोन ठेवायचा राहिला तिचा बराच वेळ.
तो डोळा मी मिटवून टाकला.
खाली भट्टी लागली, झरोक्यातून
जुनी धूळ जळाल्याचा वास आला. चांगला वास.

"बिलावर काय लिहू? बिघाड तर काहीच नाही."
गाऊनचा पट्टा आवळत ते म्हणाले,
"लिही, गिऱ्हाईक घरीच होतं."

नोटा दिल्या. गरम होत्या.
सकाळपासून मुठीत धरून बसले असणार.