दहापैकी

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांनाच दहा दिले.
बिलिरुबिन अकरा पूर्णांक चार होतं,
आरशातले डोळे पिवळे, नखं पिवळी,
आणि पडद्यावरचा बर्फसुद्धा
हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा वाटायचा.
कुणी कुणासाठी दार उघडलं तरी मी रडायचे.
एक म्हातारा फलाटावर छत्री विसरून गेला,
परत येईना.
त्या छत्रीला मी दहा दिले.

रेशनिंग ऑफिसात एकोणीस वर्षं
मंजूर-नामंजूरचे शिक्के मारले,
हाताला स्वस्थ बसवत नाही.
केमिस्टच्या खाकी पिशव्या उसवून
आतल्या बाजूला लिहीत गेले:
नाव, तारीख, किती.

भाच्याने पासवर्ड दिला, म्हणाला, मावशी, मराठी बघ, हिंदी बघ.
पण शेजारची बिल्डिंग पाडून तिथे पायलिंग चालू आहे,
सकाळी आठपासून धाड, धाड,
अख्खं कन्नमवार नगर दाढांसकट हलतं,
संवाद ऐकू येतोय कुणाला?
म्हणून परभाषेतले.
खालच्या ओळी वाचायच्या, माझ्या इंग्रजीच्या वेगाने,
म्हणजे माणूस मरून पडल्यावर मला कळतं
तो काय सांगत होता.

आठ पूर्णांक दोनला गुण घसरू लागले.
बिनफोडणीची खिचडी गिळत बघितला तो सिनेमा,
ज्यात नवरा-बायको घटस्फोटाचं बोलता बोलता
मासे तळतात.
घटस्फोटाचं मी समजू शकते.
पण तो चर्र आवाज
पायलिंगच्या वर ऐकू आला.
चार दिले. सूडाने.

दर तिसऱ्या दिवशी लॅबचा रेमंड तुस्कानो यायचा,
वसईहून, अंधारात निघून, हेल्मेट काखेत.
दंडाला रबर बांधता बांधता पडद्याकडे बघायचा.
“पॉज नका करू, ताई.”
नळी भरेपर्यंत, मग कापूस दाबून धरायची पाच मिनिटं,
तेवढाच त्याचा सिनेमा.
तरी मत द्यायचा.
“ह्याला सात. ती बाई चपला हातात घेऊन चालते ना,
ते खरंय.”
मी म्हटलं, अरे, पुढे ती खून करते.
“ते माझ्या वेळात नाही,” म्हणाला,
आणि नळीवर माझं नाव लिहिलं, एक वेलांटी चुकवून.

एकदा मेंढपाळाचा लागला होता.
मुलगा म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन
डोंगर चढतो, चढतो, चढतच राहतो.
मी आदल्या रात्री अर्धा बघून तीन देऊन टाकले होते.
कापूस मी धरायचा असतो,
त्या दिवशी रेमंडनेच धरून ठेवला,
पाच मिनिटं होऊन गेली तरी.
“गुडघ्याखाली बघा कसं धरलंय त्याने,” म्हणाला,
“बरोबर धरलंय. मांडीला धरलं की
ते मागे कलंडतात.”
मग डबा बंद केला. जिन्यात वळून विचारलं,
“किती दिले?”
मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

काल रिपोर्ट मोबाइलवरच आला. एक पूर्णांक एक.
आता कुणी यायचं कारण नाही.
डॉक्टर म्हणाले, चमचाभर तूप चालेल,
सोमवारपासून ऑफिसही.
आणि मी एकदम कडक झालेय:
परवा साडेचार, काल पाच,
आज एकाला मध्येच बंद केलं, नामंजूर.
पिशव्या पुढ्यात घेऊन बसले,
पहिल्या आठवड्याचे दहा दुरुस्त करायला.
खोडत खोडत छत्रीपाशी आले.
तिचे राहू दिले.
मेंढपाळापुढे तीनवर काट आहे,
शेजारी जागा रिकामी.

कोपराच्या वळणात सुईचा निळा डाग होता,
तो आता पिवळा पडत चाललाय,
अंगावर उरलेलं तेवढंच पिवळं.
सवयीने त्यावर अंगठा दाबून धरते.
पाच मिनिटं.
तेवढ्यात पडद्यावर
जे काही होईल ते.