एकोणचाळीस

सावद्याच्या पुढे, रेल्वे फाटक ओलांडलं की
डाव्या हाताला पांढऱ्या पत्र्याचं पॅकहाउस.
तिथं माझ्या हातात लोखंडी चिमटा असतो,
केळ्याची जाडी मोजायचा.
चाळीस मिलिमीटर भरलं तर खोका.
एकोणचाळीस, तर क्रेट.
खोका बंदराला जातो, क्रेट मागच्या दाराला.

हौदात तुरटीचं पाणी.
जुबेदा तडवी सकाळपासून फण्या धुते.
चिकाचे काळे डाग तिच्या बोटांवर,
लेकीच्या लग्नातल्या मेंदीखालूनही दिसले होते.
सालीवर असा एक डाग पडला
की अख्खी फणी बाद.

मंगळवारी पुण्याहून तपासणीची बाई आली.
पायात बूट, हातात फॉर्म, सदुसष्ट प्रश्न.
‘शाश्वत’ असा शब्द दर पानावर.
ठिबक आहे? आहे. बरोबरची खूण.
लहान मुलं कामावर? नाहीत. खूण.
बोअर किती फूट?
हेमकांतशेठ फेगडे म्हणाले, नऊशे.
मागच्या तपासणीला?
सातशे.
तिनं दोन्ही आकडे लिहिले
आणि पान उलटलं.

जेवणाच्या सुट्टीत वाद पेटला.
रेलसिंग बारेला, गाडी भरणारा, म्हणाला,
आमच्या पाड्यावर भादली होती, मोर होती,
पाण्याविना यायची, कणगीत वर्षभर टिकायची.
आता डोंगर उतरून मी दुबईचं केळं उचलतो
आणि घरी रेशनचा तांदूळ शिजतो,
तो कुठल्या गावचा, तेही ठाऊक नाही.
शेठ भाकरी मोडत म्हणाले,
भादलीनं तुझ्या पोराची फी भरली असती का रे?
बाहेर माल जातो म्हणून वाफ्यावर भाव टिकतो.
नाहीतर व्यापारी आपल्यालेच
केळ्यासारखं सोलून खातो.

मला दोघांचंही पटतं.
ही माझी जुनी खोड.
ठेच्याची वाटी मात्र दोघांत एकच होती,
तीच इकडून तिकडं सरकत राहिली.

मी बाईंना चिमटा दाखवला.
म्हटलं, हे चाळीस कुणी ठरवलं?
त्या म्हणाल्या, ग्राहकाची पसंती असते.
कुठल्या ग्राहकाची? नाव काय त्याचं?
त्या हसल्या. वाईट नव्हत्या हो.
उन्हानं लाल झाल्या होत्या,
क्रेटमधलं एक उचलून खाल्लं त्यांनी,
‘हे तर जास्त गोड आहे’ म्हणाल्या.
त्यासाठी फॉर्मवर चौकोन नव्हता.

जुबेदा तोवर गप्प होती.
मग ओले हात लुगड्याला पुसून म्हणाली,
परवा पालला अंगणवाडीत
नातवाच्या दंडाला पट्टी लावली.
हिरवं यावं लागतं. पिवळं आलं.
ताई म्हणे, अर्धं बोट कमी आहे दंड.

कुणीच काही बोललं नाही.
वर पंखा फिरत होता, त्याचा आवाज तेवढा.
एक पट्टी दंडाला, एक चिमटा केळ्याला,
दोन्हीकडं अर्ध्या बोटाची कमी,
आणि कमी भरलेलं केळं
मागच्या दाराशी उन्हात काळं पडत होतं.

बाई पाच वाजता गेल्या.
कंटेनरचं दार लागलं, आत तेरा अंश,
बाहेर आम्ही चव्वेचाळीसमध्ये.
रेलसिंगनं दारावर थाप मारली,
बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

नोंदवहीत शेवटचा रकाना माझा असतो:
बाद माल, विल्हेवाट.
रोज तीनच शब्द आलटून पालटून लिहिते,
वेफर, गुरं, उकिरडा.
जुबेदानं क्रेट डोक्यावर घेतलं
तेव्हा शेठ नुसतं म्हणाले, लिहून ठेव.

लिहिलं.
क्रेट एक. जाडी एकोणचाळीस.
विल्हेवाट:
पाल. नातू. वय दोन.