हरकत

खिडकी क्रमांक तीनवर मी बसतो.
नवी मूल्यांकन यादी लागली की तीस दिवस हरकतींचे.
पोर्ट एलिझाबेथचं नाव बदललं, वारा मात्र जुनाच;
दार उघडलं की टेबलावरचे अर्ज उठून उभे राहतात.

त्या तीस दिवसांत कुणालाच आपलं घर आवडत नाही.
समर्स्ट्रँडचे डॉक्टर भिंतीच्या ओलीचे फोटो आणतात,
वॉलमरच्या बाई शेजारचा कुत्रा मोजायला सांगतात.
किंमत कमी करा.
कमी करा, कर परवडत नाही.

नोक्वेझी म्बाम्बिसा आल्या तेव्हा जेवायची वेळ होत आली होती.
मदरवेल, विभाग अकरा. सरकारी अनुदानाचं घर.
यादीतली किंमत: अठ्ठ्याण्णव हजार रँड.
मी सवयीनं म्हणालो, आई, तुम्हाला कर शून्य आहे,
हरकत घ्यायचं कारणच नाही.

त्यांनी अर्ज सरळ केला, बोट ठेवलं.
'मालकाच्या मते योग्य मूल्य' –
तिथं निळ्या शाईत दोन लाख दहा हजार.

चुकून जास्त लिहिलंत, मी म्हणालो.
नाही.

मग पिशवीतून पावत्या निघाल्या, रबरबँड लावलेल्या, वर्षावार.
किल्ली मिळाली तेव्हा छत्तीस चौरस मीटर होतं,
भिंत अशी की शेजारी शिंकला तर
आम्ही इकडून 'देव भलं करो' म्हणायचो.
गिलावा नवऱ्यानं केला, दर महिन्याला एक भिंत,
चौथी भिंत राहिली ती राहिलीच, तो गेला.
मागची खोली मी बांधली. तिथं गाड्यांच्या कारखान्यातला मुलगा राहतो,
भाडं वेळेवर देतो, सिगारेट बाहेर ओढतो.
फरशी पाडलेल्या शाळेची.
आणि लिंबाचं झाड.
लिंबाचं लिहा, त्यांनी बजावलं.

मी संगणकाकडे वळलो. तो शेजारपाजारचे व्यवहार पाहून
किंमत ठरवतो, आणि तिथं व्यवहार होतात ते
पोलीस ठाण्यात शिक्का मारलेल्या एका कागदावर,
रोख, दोन साक्षीदार, कुठेच नोंद नाही.
त्याच्या दृष्टीनं त्या गल्लीत
वीस वर्षांत कुणी काही विकलं नाही, कुणी काही घेतलं नाही.

मालकीपत्र आहे? मी विचारलं.
येणार आहे, त्या म्हणाल्या.
कधीपासून?
२००४ पासून.

वारा आला. अर्ज उडू नये म्हणून त्यांनी त्यावर तळवा ठेवला,
आणि तो तसाच ठेवून बोलल्या:
कागद नाही तर नाही. निदान आकडा तरी
खरा लिहा. माझ्या पश्चात मुलं भांडतील,
तेव्हा कशासाठी भांडतायत ते त्यांना कळायला हवं.

कर लागेल, मी म्हणालो. खरंच लागेल, आई.
लागू दे. ज्यांना कर लागतो
त्यांच्या गल्लीतले दिवे तुम्ही दुरुस्त करता.

यावर माझ्याकडे शिक्का होता. तो मारला.

सप्टेंबरात निर्णय आला. वरच्या मजल्यावर कुणीतरी
उपग्रहाच्या फोटोत मागची खोली पाहिली असावी:
मूल्यात वाढ, अकरा हजार. कर तरीही शून्य.
घर बांधून पाहावं म्हणतात. बांधून झाल्यावर
ते कुणी पाहावं, हे कुणी सांगत नाही.

पत्र घेऊन त्या पुन्हा आल्या, रांगेत उभ्या राहून.
हे अकरा हजार कशाचे?
फाईल उघडली. तिथं कारणाचा रकानाच नव्हता.
मी म्हणालो, खोलीचे.
खोटं नव्हतं ते. खरं आहे, असंही मला माहीत नव्हतं.

म्हणजे लिंबाचे काही नाही.
नाही.

बरं, म्हणाल्या, हरकत नाही,
आणि पिशवीत हात घालून
पुढच्या वर्षीचा कोरा अर्ज मागितला.
तो अजून छापून आलेला नव्हता.