दोनशेपर्यंत

डंडीत डिसेंबरात दिवस साडेतीनलाच आटोपतो.
मला फरक पडत नाही, माझी खोली तशीही काळोखी;
दाराला आतून काळं कापड,
बाहेर इशबेलनं चिकटवलेली पाटी:
मोजणी चालू आहे, ठोठावू नका.

आज टाकीतून एक स्ट्रॉ काढली.
नायट्रोजनची वाफ कोपरापर्यंत चढली, बिनवासाची.
लेबलवरचं अक्षर माझंच निघालं, चौदा वर्षांपूर्वीचं.
तेव्हा मी सातच्या पोटातून दांडी काढायचे;
इथल्यांना तो एफ वाटतो, म्हणून सोडून दिलं.

मुलगा आठवला. एकोणीसचा.
सोमवारी केमो, म्हणून शुक्रवारी हे.
आई बाहेर त्याचा कोट मांडीवर घेऊन
आग लागल्यास काय करावे, ते पुन्हा पुन्हा वाचत बसलेली.
डबी हातात देताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला होता,
"पुरेल?"
"भरपूर," मी म्हणाले होते.
तेव्हा मोजलंही नव्हतं.

तो आता तेहतिसचा. वाचला.
बस डेपोत मेकॅनिक आहे म्हणे,
आणि खाली कॅफेत बायकोसमोर चहा गार करत बसला आहे.

आधी साध्या उजेडात पाहिलं.
शंभरातले तीन हलले, तेही जागच्या जागी,
झोपेत कुणी पाय झाडावा तसे.
बाकीचे पडून.
पण पडलेला म्हणजे मेलेला नव्हे,
आमच्या धंद्याचा हा पहिला धडा.

म्हणून रंग.
हिरवा, सदतीस अंशांवर दहा मिनिटं.
मग लाल, पाच.
हिरवा कुणाच्याही घरात शिरतो, चपला न काढता.
लाल भिडस्त,
भिंत शाबूत असेल तर उंबऱ्यावरूनच परत.
मात्र जिथं भिंत खचली आहे
तिथं थेट माजघरात जाऊन बसतो
आणि हिरव्याला उठवतो.

लाल म्हणजे गेला.
पहिल्या वर्षी माझं उलटं व्हायचं:
लाल दिसला की मनात कुंकू,
आणि वहीत खाडाखोड.

निळा प्रकाश सोडला.
या उजेडात शेपट्या दिसत नाहीत.
कोण किती पळालं असतं, त्याचा पुरावाच नाही;
नुसती डोकी, आणि एकच प्रश्न,
दार बंद आहे ना?

डाव्या हातात हिरव्यांचा क्लिकर, उजव्यात लालांचा.
टक्. टक्. टक्टक्.

एकशे एकोणसत्तरावा अडला.
हिरवाच, पण एका कडेनं लाली चढू लागलेली,
साडीच्या काठाला लागलेला चहा वर सरकतो तशी, सावकाश.
नियम स्पष्ट आहे: दोन्ही रंग, तर लाल धरा.
मी धरला नाही. बघत राहिले.
मग उजवा अंगठा दाबला.

हिरवे चौऱ्याण्णव.
दुसऱ्यांदा मोजले, अठ्ठ्याण्णव.
सरासरी अठ्ठेचाळीस टक्के.
फॉर्मात "भरपूर" लिहायला रकाना नाही.
तारीख घातली, सतरा; सातला दांडी गेली.

पुढचं डॉक्टर सांगतील, एका अंड्याला एकच लागतो वगैरे.

पाटी काढून बाहेर आले.
कॉरिडॉरभर इशबेलची ख्रिसमसची माळ, लाल, हिरवी;
अंगठे आपोआप हलू लागले.
शेवटचा एक दिवा बिघडलेला.
लाल होई, हिरवा होई,
पुन्हा लाल, पुन्हा हिरवा.
त्याच्यापाशी थोडा वेळ उभी राहिले.