अर्धी गोणी

न्हाणीला आडोसा म्हणून आजवर
खताच्या दोन पिशव्या आणि एक जुनं लुगडं.
वारा सुटला की एका हातानं अंग धुवायचं,
एका हातानं लुगडं धरायचं.

या वैशाखात म्हटलं, भिंतच घालू.
लांबी दहा फूट, उंची पाच, ब्लॉक सहा इंची.
अठरा वर्षं लोकांच्या भिंतींना माल कालवला मी,
भडगावपासून पार पाचोऱ्यापर्यंत.
पण कुणी विचारलं नाही कधी,
बाई, माल किती लागेल?
विचारायचे धुडकू मिस्तरीला.
तो आभाळाकडे बघायचा, तंबाखू मळायचा, आकडा सांगायचा.
मी मनातल्या मनात त्यातून दोन घमेली काढायचे
आणि संध्याकाळी दोन घमेली माल
उकिरड्यावर टाकून यायचे.

लोकेश नववीत आहे.
वहीच्या मागच्या पानावर त्यानं मांडलं,
लांबी गुणिले उंची गुणिले जाडी, पंचवीस घनफूट.
त्यातला दहावा हिस्सा सांध्यांचा.
कोरडा माल भिजला की बसतो, म्हणून वर तिसरा हिस्सा.
सांडलवंड वेगळी. एकास सहा.
पेन्सिल कानामागे खोचून म्हणाला,
"माय, अर्धी गोणी लागी."

मी चुलीतला कोळसा घेतला.
ब्लॉक छप्पन, फुटके धरून साठ.
एका घमेल्यात आठ बसतात, हात चांगला असला तर नऊ.
म्हणजे ओला माल सात घमेली.
त्याला वाळू साडेसात, सिमेंट सव्वा.
साडेसातात सव्वा मिळवले की सात होतात,
हे लोकेशच्या मास्तरला पटायचं नाही,
पण त्यांनी कधी फावडं धरलेलं नाही.
सव्वा घमेलं म्हणजे अर्धी गोणी.
पोरानं माझ्याकडे पाहिलं,
जणू मी त्याची वही चोरून वाचली.

वाळू गिरणेची, तीन गाढवांची.
गाढववाला म्हणाला, एवढीशी? घर बाहुलीचं का?

झुंबरशेठच्या दुकानात मात्र गाडं अडलं.
अर्धी गोणी कुणी विकत नाही.
"पूर्ण घ्या, उरलं तर राहील."

राहतं, शेठ. मला माहीत आहे कसं राहतं.
माझ्या दारात एक दगड आहे, गोणीच्या आकाराचा.
सुरतेला जाताना हे ठेवून गेले,
"आलो की ओटा करू."
एका पावसाळ्यात ती अर्धी गोणी आतल्या आत गोठली.
वरची पिशवी उन्हानं फाटत गेली,
शिलाईचे टाके दगडावर उमटून राहिले.
चार वर्षं मी त्यावर कपडे आपटते.
टाके अजून पुसले नाहीत.

म्हणून मी कौतिकाबाईकडे गेले.
तिच्या पायरीचा कोपरा कधीचा ढासळलाय,
आणि तिच्या परसात बोअर आहे.
आमचा नळ चौथ्या दिवशी येतो,
आणि भिंतीला पाणी सात दिवस पाजावं लागतं,
या उन्हात तर दिवसातून तीनदा.
ते पाणी ना वहीत होतं, ना कोळशानं लिहिलेल्यात.
अर्धी गोणी तिची, सात दिवसांची नळी माझी.
तिनं हिशोब लगेच केला,
चहा ठेवायच्या आत.

ओळंबा मीच धरला.
धुडकू मिस्तरी रस्त्यानं जाताना थांबला,
सांध्यावर बोट फिरवून पाहिलं,
आभाळाकडे बघितलं नाही.

ब्लॉक चार उरले.
फुटके धरले होते, एकही फुटला नाही.
एवढा एक आकडा माझा चुकला.
त्यातला एक न्हाणीत ठेवलाय, बसायला.
खरबरीत आहे, मांडीला लागतो,
घासून घासून होईल गुळगुळीत.