दर अक्षरी

अक्षराला पंचेचाळीस पौंड.
हे सांगताना मी कात्रीकडे बघते,
गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नाही.
ग्रिम्झबीच्या गोदीमागे एकोणतीस वर्षं दुकान चालवतेय,
अजून जमत नाही.

फोमचं अक्षर पाण्यावर ठेवायचं. दाबायचं नाही.
दाबलं की त्याच्या पोटात हवा कोंडते
आणि नेमकी तिथली फुलं दुसऱ्या दिवशी माना टाकतात.
आपल्या वजनानं, आपल्या वेळेनं बुडू द्यायचं.
शिकायला येणाऱ्या पोरी पहिल्या दिवशी सगळ्याच दाबतात.

मग कडेनं रिबिनीची झालर, चुणी घाल, टाचणी मार,
मग पांढरी शेवंती, देठ बोटाच्या पेराएवढा,
एकीला एक इतकी खेटून
की खालचं हिरवं कुणाला दिसू नये.

काय काय केलंय मी या हातांनी.
डार्ट्सची चकती. नांगरासकट ट्रॉलर.
काळ्या बिअरचा पेला, वर मोतिया शेवंतीचा फेस
(काळं फूल नसतं कुठलं, रंग फवारावा लागतो).
एका म्हातारीसाठी बिंगोचं कार्ड,
एक घर रिकामं सोडून.
नवराच म्हणाला, सोडा.
तिला नेहमी एकच कमी पडायचा.

ब्रायोनी आली मंगळवारी,
कोटाखाली शाळेच्या स्वयंपाकघरातला ॲप्रन तसाच.
"विल्फ्रेड," म्हणाली. "एवढंच. नाव."
आमच्या लिपीत त्याची सात अक्षरं होतात.
मी कात्रीकडे बघितलं.
तिनं पाकीट उघडून नोटा गल्ल्यावर मांडल्या,
एकशे चाळीस.

"विल करू? तीनच होतील."
"विल त्याला कुणी म्हणायचं नाही. आईसुद्धा नाही."

नऊ वर्षांची होती, तो घरात आला तेव्हा.
स्मोकहाउसमध्ये कामाला. कोटाला हॅडॉकच्या धुराचा वास.
पहिल्याच संध्याकाळी तिच्या सायकलची चेन बसवत,
वर न बघता म्हणाला,
मला काय म्हणायचं ते तू ठरव.
तिनं विल्फ्रेड ठरवलं.
बत्तीस वर्षं विल्फ्रेड.

भिंतीवर खिळ्यांना नुसती कोरडी अक्षरं टांगलेली असतात,
जास्त खपणारी.
एक रांग आईची, एक आजीची, एक बापाची.
ती वाचत राहिली. ओठ हलले, आवाज नाही.
मग तीन पाव मागावेत तशी म्हणाली, "ते तीन."
आणि दारापाशी जाऊन परत वळली,
"कुणी रागावणार नाही ना?
त्याची स्वतःची मुलं आहेत, लिंकनला.
म्हणजे, येणार नाहीयेत."

कार्ड फुकट असतं, मी म्हटलं.
त्यावर हवं तेवढं लिही.

रात्री थंड खोलीत बसले.
दोन्ही कडेचे डी सरळसोट, मधला ए छळतो,
त्याच्या पोटातली तिकोनी खिडकी
फुलं बुजवायला बघतात.
ती मी मोकळी राखली.
खालच्या कडेला ओकची पानं खोवली.
मासे धुरावतात ते ओकच्याच भुशावर.
पानांचे पैसे लावले नाहीत. सांगितलंही नाही.

शववाहिकेच्या काचेआड ही अक्षरं
या फुटपाथवरून वाचा की त्या,
क्रम तोच राहतो.
असं नाव क्वचित मिळतं.

शनिवारी स्मशानभूमीत दुसरी ऑर्डर टाकायला गेले.
हंबरवरून वारा सुटलेला,
पहिला डी तोंडावर पडलेला.
उभा केला, मागे वीट लावली.
प्लॅस्टिकच्या पाकिटात कार्ड होतं, शाई जरा फुटलेली.
विल्फ्रेड, असं लिहिलं होतं.
नावापुढे स्वल्पविराम.
त्याच्यापुढे कार्ड कोरं, थेट कडेपर्यंत.

मी हात पुसले.
व्हॅनमध्ये कुणाच्या तरी लाडक्या घोड्याचं डोकं होतं,
ते अकराच्या आत पोचवायचं होतं.