नोंदीबाहेर

चार्ल्सटन. नोव्हेंबर. सकाळचे साडेनऊ.
मी पाच पेल्यांत पाणी भरतो,
पाच खुर्च्यांवरून फडकं फिरवतो,
वकिलांच्या मेजावरचे दिवे तपासतो.
हिरवा म्हणजे बोला,
पिवळा म्हणजे आवरा,
तांबडा म्हणजे उरलेलं वाक्य गिळा.
वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा काय म्हणतो
हे सांगायला या पाचजणांच्या वर कुणी नाही.
एकवीस वर्षं मी त्यांच्या दाराशी उभा आहे.

आज एक ओढा आला आहे.
म्हणजे त्याची फाइल, चारशे बारा पानांची.
बकहॉर्न त्याचं नाव. दोन शेतांमधली हद्द होता.
तो सरकला,
आणि ल्यूथर सायपच्या बाजूला अकरा एकर वाढली,
ऑर्डेला स्टॅथर्सच्या बाजूची तेवढीच गेली,
अक्रोडाच्या नऊ झाडांसकट.

कायदा असा की
पाणी कणाकणाने सरकलं, तर हद्दही त्याच्या मागे जाते
गाईमागे वासरू जातं तशी.
पण पाण्याने एका रात्रीत उडी मारली, तर हद्द
जुन्या कोरड्या पात्रातच पडून राहते.
म्हणून आज प्रश्न एवढाच:
हळूहळू, की एकाएकी?

(माझी बायको गेली तेव्हा मलाही हेच विचारायचं होतं.
त्यावर अपील नव्हतं.)

ऑर्डेलाचा वकील पोरसवदा, बूट करकरणारे.
पिवळा दिवा लागला तेव्हा
न्यायमूर्ती थ्रेलकेल्ड चश्म्यावरून म्हणाल्या,
"त्या रात्रीबद्दल नोंदीत काही आहे का?"
त्याने पानं उलटली. पुन्हा उलटली.
तिसऱ्या बाकावर एक हात वर झाला,
शाळेत होतो तसा, कोपरात ताठ.

मी गालिच्यावरून गेलो, वाकलो.
"बाई, इथे साक्ष होत नाही. ती खालच्या कोर्टात झाली."
"तिथे मला कुणी विचारलंच नाही."
"मग झालं," मी म्हणालो.
हात खाली यायला वेळ लागला.
"नोंदीत नाही, न्यायमूर्ती," वकील म्हणाला,
आणि दिवा तांबडा झाला.

नंतर व्हरांड्यात, कोटाची बटणं लावता लावता,
तिने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.
"झोपताना गाय ओढ्याच्या अलीकडे होती,
खिडकीतून दिसायची तिथेच.
रात्रभर पाऊस. पहाटे तिची घंटा
पलीकडून वाजली.
गाय हलली नव्हती हो.
दाव्याला बांधलेली होती."

चारशे बारा पानांचं उत्तर
माझ्या कानात, आणि मी शिपाई.
माझ्या नि त्या पाचजणांच्या मध्ये एक ओकचं दार,
ते उघडायचं काम माझंच,
पण त्यातून ही गाय आत नेता येत नव्हती.

मार्चमध्ये निकाल लागला. तीन विरुद्ध दोन. हळूहळू.
मी अख्खा वाचला, बोट ठेवून ठेवून.
समोर होतं त्यावरून बरोबरच होता,
खोट काढायला जागा नव्हती.
मागे थ्रेलकेल्डबाईंची वेगळी चार पानं,
शेवटी त्यांनी लिहिलं होतं,
एका बाईला जे विचारलंच गेलं नाही
त्याचं उत्तर आपण तिच्या वतीने देत आहोत.

ऑक्टोबरात माझ्या टेबलावर एक पिशवी.
अक्रोड. साल अजून हिरवट, बोटं काळी करणारी.
नाव नाही, चिठ्ठी नाही.
तिने पाठवले म्हणावं तर झाडं आता सायपची,
आणि सायप मला कशाला पाठवेल?
की तो कुंपणाचं फाटक उघडं ठेवतो हल्ली?

नियम आहे, आलेली वस्तू वहीत चढवायची.
मी चढवली.
वस्तू: अक्रोड, चार पौंड.
कोणाकडून: रकाना कोरा.
मग थोडा वेळ पेन तसंच धरून बसलो,
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
सरकारी शाईने, तारीख घालून, लिहिलं:

गाय बांधलेली होती.